लेकीच्या वॉर्डाचा निकाल

इंग्लंडातल्या एका शहराच्या कौन्सिलची निवडणूक मी मुलुंडच्या स्वयंपाकघरातून लढवली, असं मी कुणाला सांगायला लागले की नवरा मध्येच म्हणतो, "लढवली नाहीस, लादलीस." त्याचं तो म्हणू दे. ज्या वॉर्डात लेकीच्या पक्षाचं कुत्रंही कधी निवडून आलं नव्हतं, तिथे शेवटी फेरमोजणीपर्यंत पाळी आली, ती काय उगीच नाही.

आधी माणसं सांगून टाकते, म्हणजे गोंधळ नको. आम्ही दोघं मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर राहतो. दोघंही रिटायर. लग्न ऑफिसातलं, समोरासमोरच्या टेबलांवर बसून जमलेलं, त्यामुळे आमच्यात पहिल्यापासून अरे-तुरे. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं. मी देवधर्म करणारी, तो अजिबात न करणारा. लग्नानंतरच्या सत्यनारायणाला भटजींनी सांगितलं तेवढे हात त्याने जोडले, ते शेवटचे. लेक एकुलती एक. लग्न होऊन ती इंग्लंडला गेली, तिथेच नोकरीला लागली, तिथेच नात झाली. नात मराठी बोलते, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्वर वर नेते, त्यामुळे ती साधं "मी जेवले" म्हणाली तरी आपल्याला विचारतेय असं वाटतं.

त्या वर्षी जुलैत ती तिघं कायमची परत येणार होती. जावयाच्या कंपनीचं ऐरोलीला ऑफिस होत होतं आणि तिथे त्याला हवी तशी जागा मिळत होती. मुलुंडहून ऐरोली म्हणजे काय, पूल ओलांडला की आलंच. आमच्याच गल्लीत भाड्याची जागाही बघून ठेवली होती. आणि नवऱ्याच्या अंगात संचार झाला होता. नातीसाठी आमच्याकडे एक खोली हवीच म्हणून त्याने आतली खोली रंगवून घेतली, तोही तिला फोनवर रंग दाखवून, ती म्हणाली तो फिका हिरवा. शाळेच्या रस्त्याने तो एकदा सकाळी आणि एकदा दुपारी चालून आला, कारण त्याला बघायचं होतं की सावली कुठल्या फुटपाथवर असते. अभ्यासाचं टेबल घ्यायला ठाण्याला गेलो, तर दुकानात हा त्या बुटक्या खुर्चीत स्वतः बसला, गुडघे वर लागतात का बघायला. लागणारच! दुकानदार म्हणाला, "काका, टेबल तुमच्यासाठी आहे का?" मी तिथून सटकले आणि शेजारच्या दुकानात पडदे बघत उभी राहिले.

अशा सगळ्यात फेब्रुवारीत एका रविवारी फोन आला. आमचा रविवारचा व्हिडिओ कॉल म्हणजे फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि मी पोळ्या लाटत बोलायचं. लेक म्हणाली, "आई, मी निवडणुकीला उभी राहतेय."

"कसल्या?"

"आमच्या सिटी कौन्सिलच्या. मे महिन्यात आहे."

नवरा बाहेरून पेपर घेऊनच आत आला. "तू? तिथे? परदेशी माणसाला उभं राहता येतं?"

"येतं रे बाबा. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक असला आणि इथे कायम राहायची परवानगी असली की येतं."

"आणि जुलैचं काय?"

"जुलैला येतोच आहोत. हे नुसतं नाव द्यायचंय. याला इथे कागदी उमेदवार म्हणतात. पक्षाला प्रत्येक वॉर्डात कुणीतरी उभं करायचं असतं. या वॉर्डात आमचा पक्ष आजपर्यंत कधीच आलेला नाही, म्हणून कुणी तयार होत नव्हतं. मीटिंगमध्ये सगळे खाली बघायला लागले आणि मी चुकून वर बघितलं."

"आणि निवडून आलीस तर?" नवऱ्याने विचारलं.

"नाही येणार. आले तर चार वर्षं इथून हलता येणार नाही, हे मला कळतं ना. लोकांनी मत द्यायचं आणि मी दोन महिन्यांत पळून जायचं, असं नाही करणार मी. पण बाबा, तो प्रश्नच येत नाही. पडणारच आहे."

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "मग ठीक आहे," असं म्हणून तो पेपर घेऊन परत बाहेर गेला. पोरगी पडणार म्हणून एवढा खूश झालेला बाप मी पहिल्यांदाच बघत होते.

आता माझं सांगते. निवडणूक म्हटलं की माझे हात शिवशिवतात. ऑफिसात असताना युनियनच्या निवडणुकीत आमच्या पॅनेलच्या बायकांचा प्रचार माझ्याकडे असायचा आणि आमची एकही बाई कधी पडली नाही. त्यातून आमच्याकडे तेव्हा महापालिकेची निवडणूक नुसती पुढे पुढे चालली होती. वॉर्डाला नगरसेवकच नाही, गटार तुंबलं तर कुणाच्या नावाने बोटं मोडायची तेही कळेना. म्हणजे निवडणुकीसाठी मी उपाशीच होते म्हणा ना. त्यात लेक एका रविवारी सांगायला लागली की ती शनिवारी दारोदार फिरली, कारण नुसतं घरी बसून राहणं तिला बरं वाटेना, आणि निम्म्या लोकांनी तोंडावर दार लावलं.

"काय बोललीस तू त्यांना?"

"म्हणजे... नमस्कार, मी अमुक पक्षाची उमेदवार, आमचे मुद्दे असे असे."

"वाट लागली!" मी लाटणं खाली ठेवलं. "अगं, दारात उभं राहून स्वतःचं पुराण कोण ऐकेल? आधी त्यांचं विचार. दारात कुंड्या असतील तर कुंड्यांबद्दल विचार. कुत्रा असेल तर त्याचं नाव विचार. पुढच्या वेळी माणसाचं नाव विसरलीस तरी चालेल, कुत्र्याचं विसरू नकोस."

"आई, कुत्र्यांचं नाव नको काढूस." तिने बोट दाखवलं. बोटाला पट्टी. तिथे पत्रकं टाकायला दारालाच एक फट असते, त्यात हात घातला की पलीकडून कुत्रं चावतं म्हणे.

"मग हात कशाला घालतेस? उलथनं घे. लाकडी. त्याच्यावर पत्रक ठेवायचं आणि आत सारायचं."

ती हसली, पण पुढच्या शनिवारी उलथनं घेऊन गेली. पुढे तिच्या पक्षाच्या एजंटाने, म्हणजे सगळा प्रचार सांभाळणाऱ्या माणसाने, सांगितलं की मुरलेले कार्यकर्ते तिथे असंच करतात. ही एवढ्या लवकर शिकली याचं त्याला कौतुक वाटलं. मला नाही वाटलं. घावन उलटता येतं तिला पत्रक सारता येणारच.

मग दर रविवारी आमची बैठक बसायला लागली. तिथले प्रश्न ऐकून मी आधी हसायचे. कचऱ्याची गाडी आठवड्याला यायची ती पंधरवड्याला येते. कुणाचं कुंपण वाढून फुटपाथवर आलंय. रस्त्याला खड्डा पडलाय, आणि खड्ड्याचा फोटो बघितला तर आप्पेपात्राच्या खळग्याएवढा. तेवढ्याला आम्ही खड्डा म्हणतच नाही. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की माणसं इथून तिथून सारखी. वॉर्डाच्या एका टोकाला जुन्या बैठ्या घरांची वस्ती होती, तिथे एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका जास्त. दुसऱ्या पक्षांचे लोक तिकडे फिरकत नव्हते. एका पक्षाला वाटे ती मतं आपलीच आहेत, दुसऱ्याला वाटे ती आपल्याला कधीच मिळणार नाहीत.

"त्याच गल्ल्या धर," मी सांगितलं. "आणि एकदा जाऊन थांबू नकोस. पहिल्यांदा येतो तो मतं मागायला येतो. दुसऱ्यांदा येतो तो आपला माणूस."

दुसऱ्यांदा काय, ती तिसऱ्यांदाही गेली. एका बाईच्या घरासमोरचा दिवा कित्येक महिने बंद होता, त्याच्या मागे लागून तिने तो चालू करून घेतला, निवडून येण्याच्या आधीच. एकीला इस्पितळात जायची बस बंद झाली होती, तिच्यासाठी ही कौन्सिलच्या बैठकीत प्रेक्षकांतून उठून बोलली. मला रविवारी हे सगळं सांगताना तिचा चेहरा असा उजळलेला असायचा की पोळी तव्यावर करपायची आणि मला कळायचं नाही.

चैत्र आला तेव्हा मी माझ्या मते डोक्यातली सगळ्यात झकास कल्पना काढली. चैत्रगौरीचं हळदीकुंकू! आमच्या युनियनच्या वेळी याच्यासारखा प्रचार नव्हता. बायका येतात, कैरीची डाळ खातात, पन्हं पितात, हरभऱ्यांनी ओटी भरून घेतात आणि जाताना मत देऊन टाकतात, कुणी मागितलेलं नसतं तरी. लेकीला मी म्हटलं, "त्या सगळ्या बायकांना बोलाव घरी. बागेत खुर्च्या टाक."

तिलाही ते पटलं. गुजराती दुकानातून तिने कैऱ्या आणल्या, डाळ भिजत घातली, नातीने रंगीत आमंत्रणं करून गल्लीत वाटली. आदल्या दिवशी त्यातलं एक आमंत्रण एजंटाच्या हातात पडलं आणि त्याला घाम फुटला. धावत तिच्या घरी आला. मतदारांना खाऊपिऊ घालून मत वळवणं हा तिथे गुन्हा आहे. चहा-बिस्किटापर्यंत कुणी मनावर घेत नाही म्हणे, पण हिने तर फराळ, सरबत आणि वर प्रत्येकीला पदरात बांधून द्यायला भिजवलेले हरभरे मांडले होते. तो बिचारा हरभऱ्यांकडे बघून विचारत होता, "हे सोबत न्यायला देणार? प्रत्येकीला? पुरावा म्हणून?"

लेकीने मला फोन केला तेव्हा ती रडतेय की हसतेय ते कळेना. "आई, तू मला तुरुंगात पाठवत होतीस!"

"अगं, हळदीकुंकवाला तुरुंग?"

"खाऊ घालायचं नाही. काहीही नाही. मत होईपर्यंत."

मी गारच पडले. नवरा मात्र बाहेरच्या खोलीत पोट धरून हसला. नंतर मला म्हणाला, "बघ, देवीलाही वाटत नाही तिने निवडून यावं." देवीचं नाव त्याच्या तोंडात! मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पण झालं काय, की आमंत्रणं गेलेली होती. लेकीला प्रत्येकीच्या दारात जाऊन सांगावं लागलं की माफ करा, उद्या येऊ नका, मी तुम्हाला काही खायला देऊ शकत नाही, कायदा आहे. आणि त्या म्हाताऱ्या बायका खो खो हसल्या. एकजण म्हणाली, "तू देऊ शकत नाहीस ना? मी देऊ शकते ना तुला?" आणि हिला आत घेऊन चहा पाजला. मग दुसरीने पाजला. तिसरीने चहाबरोबर केकही दिला. उमेदवाराने मतदाराला पाजायला बंदी आहे, मतदाराने उमेदवाराला पाजायला नाही. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत घरोघर चहा पीत फिरली. हळदीकुंकू उलटं झालं एवढंच. भिजवलेली डाळ तिघांनी आठवडाभर खाल्ली आणि जावयाने अजूनपर्यंत कैरीच्या डाळीचं नाव काढलेलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी लेक म्हणाली, "आई, एजंट म्हणतो, आता काही सांगता येत नाही. कदाचित जमेलसुद्धा."

मी "वा!" म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे माझं लक्ष गेलं.  तो चप्पल घालून दूध आणायला गेला. दूध सकाळीच आणलेलं होतं.

परत आल्यावर म्हणाला, "तू जरा कमी शिकव तिला."

"अरे, पडायचं असलं तरी नीट पडावं माणसाने. असं अर्धवट काय?"

"नीट पडता पडता निवडून येईल ती. मग बस इथे त्या हिरव्या खोलीत एकटी."

मला राग आला. त्याचा आला, आणि तो खरं बोलत होता म्हणून जास्तच आला. मीही काय, त्या खोलीत उशांचे अभ्रे घालून आले होते, फुलपाखरांचे. मला लेक इथे हवीच होती. रोज संध्याकाळी नातीने खालून हाक मारावी, लेकीने येता-जाता डबा उघडून काहीतरी तोंडात टाकावं आणि "आई, मीठ कमी आहे" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. पण ती कुठेतरी लढतेय आणि मी तिला हळू मार म्हणू? ते माझ्याच्याने होईना. आम्ही दोघं त्या दिवशी जेवताना टीव्हीकडे बघत बसलो आणि टीव्हीवर काय चाललं होतं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

मतदान गुरुवारी होतं. लेकीने फोटो पाठवला, छातीला कापडी फुलाचा मोठा बिल्ला, आपल्याकडे जनावरांच्या प्रदर्शनात पहिल्या आलेल्या गाईला लावतात तसा. मतदान चर्चच्या हॉलमध्ये, कागदावर, आणि पेन्सिलीने फुली मारून. बोटाला शाई नाही. नवऱ्याला हे काही झेपेना. "पेन्सिल? आणि कुणी खोडलं तर?" दिवसभर त्याने तेच धरून ठेवलं. मला वाटलं, निवडणुकीची काळजी तो पेन्सिलीवर काढतोय.

मोजणी दुसऱ्या दिवशी होती. सकाळी आंघोळ करून मी पूजेला बसले आणि बघते तर देव्हारा रिकामा. चोर देव नेतील म्हणावं तर चांदीची समई जागेवर. मग खाली बघितलं. कोशिंबीर करायच्या माझ्या काचेच्या मोठ्या भांड्यात पाणी भरून त्यात सगळे देव बुडवून ठेवले होते. गणपती, अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण, कुलदेवतेचा टाक. शिवाय घंटा. शिवाय उदबत्तीचं घरसुद्धा. देव्हाऱ्यात जे जे असेल ते देवच असणार, असा ज्याचा हिशेब, असा माणूस घरात एकच होता.

एखाद्या कामासाठी जीव टांगणीला लागला की आपल्याकडे देव पाण्यात ठेवतात. काम झालं की बाहेर काढायचे, तोपर्यंत त्यांनीही बसावं पाण्यात. माझी आई माझ्या मॅट्रिकच्या निकालाला असेच ठेवून बसली होती. पण नवऱ्याने? मला एकदम भरून आलं. घंटा आणि उदबत्तीचं घर काढून पुसून ठेवलं, चहात मुद्दाम आलं जास्त किसलं आणि त्याच्यासमोर कप ठेवत म्हटलं, "तामण मिळालं नाही वाटतं?"

"कुठे ठेवतेस कोण जाणे."

"असू दे. पोरीसाठी ठेवलेस ना, पोचलं त्यांना. येईल बघ निवडून."

त्याने कप उचलला नाही. "मी निवडून येण्यासाठी नाही ठेवले."

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"पडू दे म्हणून ठेवलेत," तो म्हणाला. "थोड्याशा मतांनी पडू दे. अपमान नको. पण पडू दे आणि घरी येऊ दे."

"अरे, बाप आहेस की कोण? पोरीच्या वाइटावर देव पाण्यात ठेवायचे?"

"वाईट काय त्यात? घरी येण्यात वाईट काय आहे?" त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मला दुसऱ्या कुणाला सांगता येईना. तिला सांगितलं असतं तर ती मागे फिरली असती. तुला सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस. मग यांनाच सांगितलं."

मी उठून देव्हाऱ्यापाशी गेले. देव काढायचे असं ठरवूनच गेले. बाळकृष्णाकडे हात नेला आणि थांबले. खोटं कशाला बोलू, माझ्याही पोटात तेच होतं. फक्त ते मागायची हिंमत माझ्याच्याने झाली नव्हती आणि रोजची पूजा मी करत होते. देव तसेच राहू दिले आणि कुकर लावायला गेले.

तिथली सकाळ म्हणजे आपली दुपार, त्यामुळे दिवस काही पुढे सरकेना. दुपारनंतर लेकीचे निरोप यायला लागले. एका मोठ्या बॅडमिंटनच्या हॉलमध्ये टेबलं मांडलीत, माणसं हाताने मतं मोजतायत, उमेदवार समोर उभे राहून बघतात पण हात लावायचा नाही. कुणी घोषणा देत नाही, ढोल नाही, गुलाल नाही. "इतकं शांत आहे की मला शिंक आली तर लोकांनी वळून बघितलं," असं तिने लिहिलं. कौन्सिलच्या संकेतस्थळावर एकेका वॉर्डाचा निकाल लागत होता आणि तिच्या वॉर्डापुढे अजून रेघच. नवरा टॅबलेट घेऊन बसला होता आणि दर मिनिटाला पान नव्याने उघडत होता.

पाचच्या सुमाराला तळमजल्यावरची माझी मालवणी मैत्रीण पेढ्यांचा पुडा घेऊनच वर आली. "काय गो, चेडवाचा काय झाला?"

"अजून काही नाही. बस."

"होतला गो. पेढे मी आधीच आणलंय. शिळे करूचे नाय माका."

तेवढ्यात निरोप आला, फेरमोजणी. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने मागितली होती. म्हणजे लेक पहिली होती. मैत्रिणीने टाळ्या वाजवल्या. मी नवऱ्याकडे बघितलं. तो टॅबलेटची काच शर्टाच्या टोकाने पुसत होता. देव अजून पाण्यात होते आणि फेरमोजणीत काहीही होऊ शकतं, हे मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. तेवढ्या वेळात मी काय मागितलं म्हणून कुणी विचारलं तर मला अजूनही सांगता येणार नाही. एका क्षणी एक मागत होते आणि लगेच दुसरं.

सव्वासहाला फोन वाजला. व्हिडिओवर आधी नुसतं छत दिसलं, मग जावयाचा खांदा, मग लेक. बिल्ला वाकडा झालेला, डोळे लाल. "आई, आले गं! निवडून आले! हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच मतांनी, पण आले!" मागे नात उड्या मारत होती. मैत्रिणीने पुडा फोडला आणि पहिला पेढा माझ्या तोंडात कोंबला, त्यामुळे मला बोलताच येईना.

नवरा पुढे झाला. "शाब्बास गं," तो म्हणाला. "शाब्बास. मला माहीत होतं." एवढा सराईतपणे तो खोटं बोलला की मीसुद्धा वळून बघितलं.

लेक हसता हसता थांबली. "बाबा, पण जुलै... आता आम्हाला नाही रे येता येणार. त्या बायकांनी मला मतं दिलीत. एकजण तर काठी टेकत मत द्यायला आली, म्हणाली, तुझ्यासाठीच घराबाहेर पडले."

"अगं, मग राहायचं. एवढी माणसं तुझ्यावर अवलंबून आहेत. आम्ही काय कुठे पळून जातोय? आम्ही येऊ तिकडे उन्हाळ्यात. हिला दाखव तो खड्डा."

"खड्डा बुजवणारच आहे मी आधी," ती म्हणाली आणि डोळे पुसले. "आई, देवापुढे पेढा ठेवलास का? दाखव ना मला देव."

मी पेढा गिळला. माझ्या हातात फोन होता आणि मला काही सुचायच्या आत मैत्रीण म्हणाली, "चल गो, दाखव तिका," आणि माझ्या कोपराला धरून देव्हाऱ्यासमोर घेऊन गेलीसुद्धा. रिकामा देव्हारा, खाली काचेचं भांडं, आत देव.

 मग लेकीचा आवाज आला, अगदी लहानपणीचा. "आई... तू देव पाण्यात ठेवलेस? माझ्यासाठी?"

"मी नाही," मी म्हणाले. "बाबाने."

"बाबाने?" ती रडायलाच लागली. "बाबा, तू? अरे, तू दहावीच्या निकालालासुद्धा देवासमोर उभा राहिला नव्हतास. आणि मी इथे विचार करत होते की बाबाला मनातून आवडलेलं नाही. मला किती वाईट वाटत होतं माहितीये? आणि तू चक्क देव पाण्यात..."

नवरा माझ्या शेजारी उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. 

"मग," तो म्हणाला. "तुझ्यासाठी नाही ठेवणार तर कुणासाठी ठेवणार?"

नातीचं डोकं फोनमध्ये घुसलं. "आजोबा, त्यांना थंडी नाही वाजत? काढ ना त्यांना?"

"काढ बाबा," लेक म्हणाली. "झालं ना त्यांचं काम. तूच काढ. मला बघायचंय."

तो खाली बसला. मांडी घालून बसायची त्याला सवय नाही, एक पाय बाहेर पसरून बसला. मी पंचा दिला. त्याने आधी गणपती काढला, मग अन्नपूर्णा, मग टाक. प्रत्येकाला पंचात गुंडाळून, दाबून, खाचांत राहिलेलं पाणी टिपून तो देव्हाऱ्यात ठेवत होता. जागा सगळ्या चुकत होत्या. लेक एकेका देवाला नमस्कार करत होती आणि "थँक्यू बाबा, थँक्यू" म्हणत होती, आणि तो मान हलवत होता. बाळकृष्ण पुसायला त्याला फार वेळ लागला. मी फोन घट्ट धरून उभी होते. कॅमेरा त्याच्याकडे होता, त्यामुळे माझं तोंड तिला दिसत नव्हतं, ते बरंच झालं.